स्वस्त चाकू, पण भरवशाचा!
समजा, वाशीम जिल्ह्यातील मालेगावच्या बाजारातून तुम्ही एकाच छापाचे दोन घडीचे चाकू घेतले. एक वर्षभर कापतो, दुसरा आठवड्यात बोथट होतो. असे का? पोलादी पाते सुमारे ८०० अंश सेल्सिअसला तापवून तेलात बुडवले की टणक, पण ठिसूळ होते. पुन्हा २०० अंशांच्या आसपास तापवले की त्याला चिवटपणा येतो. हे ‘पाणी’ चुकले की धार टिकत नाही किंवा पाते तुटते. स्प्रिंग कमजोर असेल, तर पाते बोटावरच मिटते!

‘स्वस्तात एवढे चालायचेच’ हे म्हणणे बरोबर नाही. माल तयार होतानाच ठरावीक नमुने मोजावेत, म्हणजे बिघाड वेळीच कळतो, हे वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली नियंत्रण-आलेखाने दाखवले. त्याला पैशापेक्षा शिस्त अधिक लागते. तुम्हीही चाकू घेताना पाते डुगडुगते का, स्प्रिंग घट्ट आहे का, हे पाहा. सदोष असेल तर परत करा. चोखंदळ गिऱ्हाईक असले, की कारखानदारही जागा राहतो.