‘गुत्तेदार बघतो की सगळं’

कारखान्यांचे पट्टे पडले, कोयते घरी आले आणि राणीसावरगावच्या गल्ल्यांत वाळूचे ढीग दिसू लागले. दरसालचा हा क्रम आहे. सहा महिने उसाच्या फडात घाम गाळून हाती लागलेले पैसे मृगाआधी भिंतीत घालायचे, म्हणून या दिवसांत मिस्त्री मिळेनासा होतो आणि गुत्तेदाराचा भाव चढतो. त्याबद्दल तक्रार नाही. चीड येते ती एका वाक्याची. घरात म्हातारी माणसं आहेत, न्हाणीत त्यांच्यासाठी काय करणार, असं कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं: ‘गुत्तेदार बघतो की सगळं.’ मागे न्हाणीतल्या गुळगुळीत टाइल्सवर लिहिलं तेव्हा काही वाचकांनी मला टाइल्सचा जन्माचा वैरी ठरवलं. ती पदवी मी ठेवून घेतो. ओल्या पायाखाली आरसा अंथरणाऱ्यांपेक्षा शहाबादी फरशी घालणारे आपले वाडवडील शहाणे होते, हे माझं मत आजही तसूभर हललेलं नाही. पण टाइल्स ही नुसती पुरळ आहे. ताप आहे तो ‘गुत्तेदार बघतो’ या वाक्यात.

म्हातारपणी आपल्याच घरात राहावं की दुसरीकडे कुठे, हा शहरातल्या लोकांचा खल. आपल्या गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यात तो पर्यायच नाही. दिवाळीच्या आसपास तरणीताठी माणसं ट्रॅक्टरवर बसून निघून जातात आणि मागे उरतात म्हातारी माणसं, शाळेतली नातवंडं आणि दावणीची जनावरं. म्हणजे उन्हाळ्यात जे घर दुरुस्त होतं, त्यात पुढचं अर्धं वर्ष वावरणार आहेत ती सत्तरीतली माणसं, आणि तीही हाकेला कुणी नसताना. ते घर ठरवतं मात्र पस्तिशीतला मुलगा, आणि बांधतो गुत्तेदार. गुत्तेदार लबाड असतो असं मी म्हणत नाही. त्याचा हिशेबच वेगळा असतो. फरशी फुटावर, प्लास्टर फुटावर, बांधकाम ब्रासवर. आधाराच्या दांडीला फुटाचा भाव नाही, न्हाणीचं दार आत न उघडता बाहेर उघडेल असं बसवण्याला ब्रासचा भाव नाही, आणि खरबरीत फरशी निवडली म्हणून कुणी चार पैसे जास्त देत नाही. ज्याला दर नाही ते काम गुत्त्यात होत नाही. इतकी साधी गोष्ट आहे. तेव्हा ‘सगळं’ बघतो म्हणजे तो मोजता येईल तेवढं सगळं बघतो.

मग बघायचं कुणी? याचं उत्तर जपान-जर्मनीत शोधण्याआधी शेजारच्या लातूर जिल्ह्यात शोधावं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर मराठवाड्यात आणि आसपास घरं उभी करण्याचे दोन मार्ग एकाच वेळी चालले. पार कोसळलेली 52 गावं नव्या जागी वसवली गेली. तिथली घरं गुत्तेदारांनी आणि देणगीदार संस्थांनी बांधली, आकार सरकारनं जमिनीच्या प्रमाणात ठरवले: भूमिहीनाला 250 चौरस फूट, मधल्याला 400, मोठ्या शेतकऱ्याला 750. माणूस किती, त्यात म्हातारं कोण, हा प्रश्न त्या कोष्टकात बसत नव्हता. गावं आखली तीही पट्टीनं रेघा मारून, शहरातल्या वसाहतीसारखी. भावकी पांगली, ओसरी गेली. ज्या ओसरीवर बसून म्हातारं माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायचं, ती नकाशातच नव्हती. दुसरा मार्ग होता दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा. तेरा जिल्ह्यांत मिळून जवळपास दोन लाख घरं त्यात होती. इथे पैसा गुत्तेदाराकडे गेला नाही, घरमालकाच्या खात्यावर आला, तोही टप्प्याटप्प्यानं. मिस्त्री मालकानं ठरवायचा, देखरेख मालकानं करायची, आणि काम कसं झालंय ते सांगायला कनिष्ठ अभियंता यायचा. शिवाय लातूर-उस्मानाबादच्या गावांत महिला मंडळांतल्या बाया ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं ती फळी उभी केली. सिमेंट-वाळूचं प्रमाण काय, लोखंड कुठे घालायचं, हप्ता कुठे अडला, हे त्या घरोघर जाऊन समजावून सांगायच्या आणि अभियंत्यालाही विचारायच्या. ज्यांना घरातल्या घरात दिवस काढायचा असतो त्यांनाच बांधकामाचे प्रश्न विचारायला शिकवलं, यात त्या योजनेची खरी अक्कल होती. पैसा देणारा, काम करणारा आणि काम तपासणारा ही तीन माणसं वेगळी ठेवली की सामान्य मिस्त्रीच्या हातूनही बरं काम होतं. तिन्ही एकाच गुत्तेदारात कोंबली की देव पाण्यात घालून बसावं लागतं.

याच किल्लारीचा दाखला कुणी माझ्यावरही उलटवेल, आणि तो हक्काचा आहे. मजबुतीकरणासाठी दिलेल्या पैशांतून कितीतरी लोकांनी जुनी भिंत बळकट न करता शेजारी सिमेंटची एक नवी खोली उठवली. लोकांच्या हाती निर्णय दिला की ते दिसणारं काम करतात, न दिसणारं टाळतात. उद्या दांडीच्या पैशांतही टाइल्सच येतील. येतील, नाही कोण म्हणतो! पण ती खोली बांधणाऱ्याला दगड-मातीच्या भिंतीखाली झोपायची भीती होती, आणि त्या भीतीला त्यानं आपल्या परीनं दिलेलं ते उत्तर होतं. न्हाणीत पाय घसरण्याची भीती ज्या माणसाला आहे, त्याच्या हाती आपण निर्णय कधी दिला? तो मुलाच्या हाती असतो, आणि मुलाचा पाय घसरत नाही. दुसरा आक्षेप असा, की आईच म्हणते ‘मला काही नको’. ती तसंच म्हणणार. मुलाच्या पाठीवरची उचल तिला ठाऊक आहे. तिला ‘काय हवं’ असं विचारूच नये. संडासातून उठताना हात कुठे टेकतेस, रात्री पडवीची पायरी कशी उतरतेस, हे विचारावं आणि तिथे खडूनं खूण करावी. शिंपी झंपर शिवताना भिंतीचं माप घेत नाही.

सरकारी योजनांतही हीच गफलत आहे. 2024 मध्ये राज्यानं मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. 65 वर्षांवरच्या गरजूंना एकरकमी 3000 रुपये. त्यातून काठी घ्या, वॉकर घ्या, कमोड खुर्ची घ्या. चांगलंच आहे. पण वॉकर घेऊन निघालेला माणूस सहा इंची उंबरठ्याशी अडतो, आणि त्या उंबरठ्यासाठी छदाम नाही. सुगम्यतेच्या नियमानं उताराला एकास बारा हे प्रमाण लागतं, म्हणजे सहा इंचांसाठी सहा फूट लांबी. आपले मिस्त्री दोन फुटांत उरकतात. तो उतार कसला, ती घसरगुंडी. जपानमध्ये 2000 साली दीर्घकालीन देखभालीचा विमा सुरू झाला. त्यात घराच्या फेरबदलांसाठी दोन लाख येनपर्यंतचा खर्च धरतात, आणि दांडी, उंबरठा, निसरडी फरशी यांच्याबरोबर उकिडवं बसायचं संडास काढून कमोड बसवणंही त्यात येतं. त्यांच्याकडेही आपल्यासारखीच बैठक होती, हे लक्षात घ्या. पैसा मिळायचा तर हातोडा पडण्याआधी अर्ज करावा लागतो आणि हे काम या माणसाला का हवं याचं कारण जाणकारानं लिहून द्यावं लागतं. येन आपल्याकडे नाहीत, मान्य. कारण लिहायला मात्र एक कागद पुरतो.

एवढ्याशा कामाला गुत्तेदार येत नाही, ही सबब खरी आहे. म्हणूनच ते काम वेगळं काढू नये, मोठ्या कामात बांधून द्यावं. फरशीचा भाव ठरतानाच कागदावर लिहावं: इतक्या दांड्या, इतक्या उंचीवर, न्हाणीचं दार बाहेर उघडणारं, फरशी खरबरीत, आणि शेवटचा हप्ता यानंतर. घरकुलाचे हप्ते जोतं, लिंटेल, छत असे फोटो काढल्यावरच पडतात हे गावात पोराबाळांनाही ठाऊक आहे. सरकार आपल्याशी जसं वागतं तसं गुत्तेदाराशी वागायला लाजायचं काय? इसार थोडा द्यावा. ऊसतोडीत उचल घेणारा बांधला जातो, बांधकामात उचल देणारा. मुकादमाकडून जे शिकलो ते इथेच कसं विसरतो कळत नाही. भिंत पोकळ ब्लॉकची असेल तर साध्या स्क्रूवर दांडी टिकत नाही, ती वेल्डिंगवाल्याकडून जमिनीत पाय रोवून उभी करून घ्यावी. आणि हप्ता मोजण्याआधी गुत्तेदारालाच सांगावं, की बाबा, आता तूच हिला लटकून दाखव.

किल्लारीच्या संवाद सहायकांसारख्या बाया आपल्या बचत गटांत आजही आहेत. ग्रामपंचायतीनं गटातल्या दोघींना या हंगामात घरोघर पाठवावं, म्हाताऱ्या माणसांशी बोलून खडूच्या खुणा करायला. खर्च खडूचा. मृगाला महिना-सव्वा महिना उरलाय, आणि दिवाळीला ट्रॅक्टर पुन्हा दारात उभे राहतील.