एकाच किल्लीने चाळीस कुलुपे

एप्रिल महिना जवळ आला की कार्यालयांतून वार्षिक मूल्यमापनाचे वारे वाहू लागते. रोखपालापासून रेखाटनकारापर्यंत सर्वांपुढे एकाच छापाचा तक्ता ठेवला जातो, गुणांची बेरीज होते आणि वेतनवाढीचा टक्का ठरतो. चाळीस माणसांच्या कचेरीत चाळीस कुलुपांना एकच किल्ली लावून पाहण्याचा हा उद्योग आहे. मग चांगली वाढ मिळालेला कारकून चार महिन्यांत राजीनामा का देतो आणि बढती नाकारलेला कारागीर त्याच यंत्रापाशी समाधानाने का उभा असतो, याचे कोडे व्यवस्थापनाला उलगडत नाही.

हे कोडे महाराष्ट्रात एका माणसाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, कोणत्याही व्यवस्थापनशास्त्राचे पाठ्यपुस्तक न उघडता, बऱ्याच अंशी सोडविले होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. पदोन्नतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावची वाट धरली. प्रश्न चार रुपयांचा नव्हता. गुणांपेक्षा कातडीचा रंग मोठा ठरविणाऱ्या जागी हातून काम होत नाही, एवढाच तो होता. नोकराला काय बोचते हे त्यांना स्वतःच्या अनुभवाने कळले होते, आणि पुढे मालक झाल्यावर ते त्यांनी विसरून टाकले नाही. असे मालक विरळाच.

बेळगावची जागा सोडावी लागल्यावर १९१० साली औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या साहाय्याने कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या, सापांचा सुळसुळाट असलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे, एवढाच आरंभीचा संसार. लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी शेतकऱ्याची समजूत असण्याचा तो काळ. अशा ठिकाणी नामवंत पदवीधर येणार कोठून? आली ती बहुतेक जगाने नापास ठरविलेली माणसे.

अनंतराव फळणीकर यांनी शाळा अर्धवट सोडलेली होती. ते कारखान्याचे कल्पक अभियंता झाले. मॅट्रिक अनुत्तीर्ण झालेले के. के. कुलकर्णी कधी व्यवस्थापक, कधी वकिलीची कामे पाहणारे, कधी छायाचित्रकार, तर कधी विक्रेते असत. आजच्या तक्त्यात या गृहस्थांना ‘एकाग्रतेचा अभाव’ या रकान्यात कमी गुण मिळाले असते. वास्तविक काही माणसांना रोज नवे आव्हान हवे असते. एकाच खुर्चीला बांधले की ती सुकतात. उलट मंगेशराव रेगे यांनी कारकुनी आणि हिशेब सांभाळले. पै-पैचा ताळमेळ जुळल्याचा आनंद हाच ज्याचा खरा मोबदला असतो, अशा हिशेबनिसाला ‘नवनिर्मिती’च्या बैठकीत बसविणे ही शिक्षाच होय!

सर्वांत धाडसी निवड रखवालदारांची होती. ज्यांना समाज दरोडेखोर म्हणत होता, त्या तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्या हाती वसाहतीचे रक्षण सोपविले गेले. ते त्या विश्वासाला जागले. आजवर ज्यांच्या येण्याने दारे लावली जात, त्यांच्याच भरवशावर घरे झोपू लागली. या माणसांना विश्वास हवा होता आणि तो पगारपत्रकावर लिहिता येत नाही.

मात्र या कथेचा सोयीस्कर अर्थ काढणारेही पुष्कळ आहेत. ‘माणसे पैशासाठी काम करीत नाहीत’ असे सभेत सांगायचे आणि वेतन दोन महिने थकवायचे, ही वृत्ती खासगी कंपन्यांत आहे आणि सेवाकार्याचा फलक लावलेल्या संस्थांतही आहे. ध्येयवाद हा कार्यकर्त्याने स्वतः पत्करायचा असतो. तो संस्थेने त्याच्या वेतनातून कापून घ्यायचा नसतो. मुलीचे शुल्क भरण्याच्या चिंतेत असलेल्या शिपायाला शाल-श्रीफळ देऊन स्फूर्ती येत नाही. किराणा दुकानदार सन्मानपत्रावर उधारी देत नाही. योग्य वेतन ही जोत्याची दगडी आहे. ती बसल्यावरच या माणसाला स्वातंत्र्य हवे, की स्थैर्य, की चारचौघांत कौतुक, हा प्रश्न सुरू होतो. आणि त्याचे उत्तर तक्त्यात सापडत नाही. त्यासाठी साहेबाला खुर्ची सोडून कामगाराच्या टेबलापाशी जाऊन बसावे लागते. लक्ष्मणरावांना ते सोपे गेले, कारण त्यांची माणसे त्यांच्याच वसाहतीत राहत होती. पाचशेंच्या कंपनीत ते जमणे कठीण, हे मान्य. पण पाच जणांच्या विभागप्रमुखाला तरी काय अडचण आहे?

किर्लोस्करवाडीच्या त्या कथेत आजही एक गोष्ट खटकते. फळणीकर, कुलकर्णी, रेगे ही नावे आडनावांनिशी सांगितली जातात. रात्र-रात्र जागून ज्यांनी ती वसाहत राखली, त्या दोघांच्या नावापुढे मात्र अजून जातच लागते.