'हेल, सीझर!' समीक्षकांनी उचलून धरला, मग प्रेक्षक का वैतागले?

'फार्गो' आणि 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन'वाल्या कोएन बंधूंचा 'हेल, सीझर!' २०१६ मध्ये आला. बहुतेक समीक्षक खूश. पण अमेरिकेत पहिल्याच दिवशी प्रेक्षकांचा कौल घेणाऱ्या सिनेमास्कोरवर ग्रेड मिळाली 'सी मायनस'. असं का झालं?

ट्रेलरमध्ये दिसलं ते जॉर्ज क्लूनीने रंगवलेल्या सुपरस्टारचं अपहरण. सिनेमा आहे मात्र १९५१ च्या हॉलिवूडमध्ये स्टुडिओच्या भानगडी निस्तरणाऱ्या एडी मॅनिक्सच्या धावपळीचा. अपहरणाचं रहस्य लवकरच फुटतं आणि दिग्दर्शकांना त्याचं फारसं सोयरसुतकही नाही. रहस्यपट म्हणून तिकीट काढलेला माणूस चिडणारच.

तक्रार अगदीच खोटी नाही. स्कार्लेट जोहान्सनचं कथानक तर बोलता बोलता गुंडाळलंय. पण घोड्यावर पटाईत असलेल्या काउबॉय नटाला सूट घालून उच्चभ्रू नाटकी सिनेमात उभं करतात, तो प्रसंग पाहाच. एक साधं वाक्य त्याच्या तोंडी बसता बसत नाही आणि राल्फ फाइन्सचा दिग्दर्शक सभ्यपणा सांभाळत आतून उकळतोय! पुढे एडिटिंग रूममध्ये कळतं, शेवटी वाक्यच बदललंय.