बेझल बसत नाहीये? आधी जोर लावणं थांबवा!

आजोबांचं जुनं एचएमटी कपाटातून काढलंत, चावी दिली आणि चक्क टिकटिक सुरू झाली. भारी वाटलं ना? मग कडेची घाण काढायची म्हणून काचेभोवतीची धातूची रिंग उचकटलीत. आता ती परत बसतच नाहीये. एका बाजूने दाबली की दुसरीकडून वर येते. या रिंगला बेझल म्हणतात. अशा वेळी बहुतेक जण एक तर अंगठ्यांचा सगळा जोर लावतात, नाही तर फेव्हिक्विक शोधतात. माझं म्हणणं एवढंच, की हे काम घरी जरूर करा, पण हे दोन्ही करू नका.

बेझल बसत नाही ती जोर कमी पडतो म्हणून नाही. काहीतरी मध्ये येतंय म्हणून. बऱ्याच जुन्या घड्याळांत बेझलच्या आतल्या बाजूला बारीक खाच असते आणि केसवर तिच्या मापाचा उंचवटा. दोन्ही जुळले की ‘टक’ असा आवाज होतो आणि बेझल बसते. (सगळ्याच मॉडेल्सची बेझल निघत नाही हं, काहींची केसचाच भाग असते. ती उचकटत बसू नका.) त्या खाचेत वर्षानुवर्षांचा घाम, धूळ आणि कातडीचा मळ घट्ट बसलेला असतो. पितळेवर हिरवट थरही चढतो. टूथपिकने तो हळूहळू कोरून काढा. सुटी बेझल कोमट साबणाच्या पाण्यात ठेवली तरी चालेल. केस मात्र पाण्यात नको, आत मशीन आहे!

एवढं करूनही नाही बसली? मग बेझल आरशावर पालथी ठेवा आणि कडेला बोटाने हलकेच टिचकी मारा. डुगडुगली तर समजा, काढताना सुरीने वाकलीय. तिसरा संशयित म्हणजे काच. नवी काच बदलून घेतली असेल आणि ती मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाने जरी मोठी असेल, तरी बेझल शेवटपर्यंत खाली जात नाही. काचेखाली रबराची रिंग असेल आणि ती कडक पडली असेल, तर ती बदला. नव्या रिंगला सिलिकॉन ग्रीसचं नुसतं बोट पुसा, जास्त नको.

आता बसवायची. सपाट टेबलावर जाड कापड, त्यावर घड्याळ. बारा आणि सहाच्या आकड्यांपाशी दोन अंगठे ठेवून सारखा दाब, मग तीन आणि नऊपाशी. दाब रिंगवरच द्यायचा, काचेवर नाही. जुन्या घड्याळांची काच बहुधा अ‍ॅक्रिलिकची असते, ती मधोमध दाबली की तडकते. केस प्रेस नावाचं छोटं यंत्र ऑनलाइन मिळतं. घ्यायचंच असेल तर त्याचा नायलॉनचा साचा फक्त रिंगवर टेकतोय ना, ते आधी बघा. तीन प्रयत्नांत नाही बसली, तर चौथा करू नका.

आणि ते फेव्हिक्विक! त्याच्या वाफेने काचेवर आतून पांढरा धूर बसतो, काही वेळा डायलवरही. शिवाय पुढच्या वेळी घड्याळ उघडायचं झालं तर बेझल तोडूनच काढावी लागते.

अजून एक. आकडे अंधारात चमकावेत म्हणून १९६०च्या दशकापर्यंत अनेक घड्याळांत खरंखुरं रेडियम वापरायचे. बाइकवरच्या स्टिकरला आपण म्हणतो ते नाही, किरणोत्सारी. पणजोबांच्या काळातलं, तसे आकडे असलेलं परदेशी घड्याळ असेल, तर काच काढून डायल खरवडायचा मोह नको. ते थेट जाणकाराकडे.

‘एवढ्याशा रिंगसाठी एवढं कशाला?’ असं वाटेल. पण एचएमटीचा घड्याळांचा कारखाना १९६१ मध्ये बंगळुरूला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने सुरू झाला आणि २०१६ मध्ये सरकारने ती घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. आता जुन्या मॉडेल्सचे नवे मूळ पार्ट सहजासहजी मिळत नाहीत. तुमची बेझल वाकली तर तिच्यासाठी कदाचित दुसऱ्या कुणाच्या तरी आजोबांचं घड्याळ मोडावं लागेल. तीस सेकंदांच्या रिस्टोरेशन रीलमध्ये हे कुणी सांगत नाही. तिथे सगळं पॉलिश होऊन चकाचक निघतं, आणि आजोबांच्या मनगटावर पडलेले ओरखडेही त्यात पुसून जातात. मला ते ओरखडे जास्त आवडतात.

चौथ्या प्रयत्नाआधी घड्याळजीकडे गेलात, तर बेझल, काच, रबर, निघालेला प्रत्येक तुकडा एका डबीत घालून न्या. काय काय करून बघितलंत ते खरं सांगा. आणि घड्याळ टाकून चहाला जाऊ नका. स्टुलावर बसा, तो काय करतो ते बघा. बहुतेक घड्याळजींना विचारलेलं आवडतं.