विम्याचे कार्ड आणि दवाखान्याचे दार

रविवारच्या मिस्सेनंतर एखाद्या आजारी बांधवासाठी मदतीचे आवाहन होते आणि आपण सढळ हाताने देतो. धर्मग्रामाची ही जुनी रीत आहे. अलीकडे मात्र आपल्यातच एक सूर निघू लागला आहे : आता सरकारी विमा आला, मग या आवाहनांची गरज काय? या समजुतीला आमचा स्पष्ट विरोध आहे.

विम्याने काहीच साधले नाही, असे आम्ही म्हणत नाही. २०१८ साली आलेल्या आयुष्मान भारत योजनेने पात्र कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची हमी दिली. २०२४ साली सत्तरी गाठलेल्या सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, ती खुली झाली. महात्मा जोतिराव फुले योजनाही राज्यातील सर्व रहिवाशांपर्यंत पोहोचली. शस्त्रक्रियेसाठी ज्यांना जमिनीचा तुकडा विकावा लागला असता, त्यांना याचे मोल विचारावे.

परंतु ही कार्डे मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच चालतात. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्यांना त्यांत थारा नाही. म्हणजे मूत्रपिंडे निकामी झाली की डायलिसिस फुकट. ती निकामी होऊ नयेत म्हणून घ्यायच्या गोळ्या मात्र पदरमोड करून! २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी थेट खिशातून भरली, हे सरकारचाच अहवाल सांगतो.

खाजगी विमा घ्या, असा सल्ला मिळतो. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के कर गेला, हे बरेच झाले. पण धंद्याचा न्याय बदलला नाही. वय वाढते तसा हप्ता वाढतो आणि जुन्या आजाराच्या भरपाईसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. ज्याला गरज अधिक, त्यालाच विमा महाग.

पैशाअभावी कोणी उपचारावाचून राहू नये, हे भोर समितीने १९४६ सालीच बजावले होते. २०१७ च्या राष्ट्रीय धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत देशाच्या सकल उत्पादनाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे ठरवले; २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. विमा अवश्य वाढवा. पण गावच्या आरोग्य केंद्रात आधी डॉक्टर आणि औषधे ठेवा.

दोष आपलाही आहे. खाजगी पॉलिसी घेताच आपण सरकारी दवाखान्याकडे पाठ फिरवली. तेथे औषध का नाही, असा जाब ग्रामसभेत विचारू शकणारी माणसेच तेथून उठून गेली. आता त्यांनी परत यावे आणि विचारावे.

प्रभू येशूच्या दाखल्यातील शोमरोनी माणसाने उतारशाळेचे पैसे भरले, अधिक लागल्यास तेही देण्याचा शब्द दिला. पण त्याआधी, वाटेवरच, त्याने त्या घायाळ माणसाच्या जखमा बांधल्या. पात्रता विचारली नाही. आपल्या सरकारने आणि आपणही हाच क्रम पाळावा, एवढेच आमचे मागणे आहे.