व्यसनाच्या औषधाला मुदत कसली?

हेरॉइनच्या व्यसनीला अफूवर्गीय औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरवर खटला होईल, अशी भीती १९६० च्या दशकातल्या अमेरिकेत होती. त्या वातावरणात, १९६४ साली, मेरी जीन क्रीक ही तरुण डॉक्टर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर यांच्या मेथाडोन या अफूवर्गीय औषधाच्या प्रयोगात सामील झाली. २०२१ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी निधन होईपर्यंत त्या याच विषयावर काम करत राहिल्या.

त्यांचे म्हणणे असे, की दीर्घ व्यसनाने शरीर बदलते आणि हा बदल निश्चयाने पुसला जात नाही. हेरॉइनचा अंमल चार ते सहा तासांत उतरतो. मग घाम, उलट्या, अंगदुखी आणि पुढच्या पुडीची धावपळ. तोंडावाटे दिलेल्या मेथाडोनचा परिणाम मात्र दिवसभर सारखा राहतो. मात्रा नेमकी बसली की नशा चढत नाही, तलफ उठत नाही. ताणाला तोंड देणारी शरीरातली संप्रेरकांची यंत्रणा व्यसनाने बिघडते आणि नियमित मेथाडोनवर पूर्वपदावर येते, हे क्रीक यांनी मोजून दाखवले. व्यसनी माणसाच्या चारित्र्याबद्दल ठाम मते पुष्कळांची होती; त्याच्या रक्तातली संप्रेरके वर्षानुवर्षे तपासायची चिकाटी फार थोड्यांकडे होती.

या चिकाटीचे फळ १९८० च्या दशकात अनपेक्षितपणे मिळाले. काविळीच्या अभ्यासासाठी जपलेले जुने रक्तनमुने क्रीक यांनी एचआयव्हीसाठी तपासून घेतले. सुईने नशा करणाऱ्यांमध्ये विषाणू झपाट्याने पसरला होता. मेथाडोनवर टिकून राहिलेल्यांमध्ये तो फार कमी आढळला.

दारूच्या व्यसनाला हे औषध लागू नाही. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या संस्थांचे समुपदेशन आणि कुटुंबाला सोबत घेण्याचे काम म्हणूनच मोलाचे आहे. पण अफूवर्गीय व्यसनात नुसती समजूत घालून भागत नाही. आपल्याकडे मेथाडोनसारखेच काम करणारी, जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सरकारी केंद्रांवर मिळते. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही दोन्ही औषधे २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहेत. तरी नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, "हे औषध सुटणार कधी?" मधुमेहीच्या इन्सुलिनबद्दल असे कोणी विचारत नाही. औषध घाईने बंद केले तर बहुतेक रुग्ण पुन्हा नशेकडे वळतात. शिवाय सवय मोडलेल्या शरीराला पूर्वीची मात्रा झेपत नाही आणि जीव जातो. असे मृत्यू टाळता येतात, म्हणून ते अधिक अस्वस्थ करतात.

केंद्रावर कर्मचाऱ्यासमोर रोज गोळी घ्यायची, हा नियम औषध बाजारात जाऊ नये म्हणून आहे आणि उपचाराच्या सुरुवातीला तो योग्यच आहे. पण हातावर पोट असलेल्या माणसाला रोजच्या हेलपाट्यात मजुरी बुडवावी लागते, आणि तिथेच उपचार सुटतो. स्थिरावलेल्या रुग्णांना काही दिवसांच्या गोळ्या घरी नेण्याची मुभा सढळपणे द्यावी आणि केंद्रांच्या वेळा सकाळी कामावर जाणाऱ्यांना सोयीच्या ठेवाव्यात.