कोणतं नाव लावू?



या अंकासाठी आलेल्या टपालात वहीची फाडलेली सहा पानं होती. पाठवणारी मुलगी भिवंडीतच बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला राज्यशास्त्र घेऊन शिकते. वडील लूमवर, आई कांड्या भरते. लेखाचं नाव : 'अमेरिकेची निवडणूक आणि तिथलं सरकार, माझं मत'. कबूल करते, मी तो दोन आठवडे बाजूला ठेवला होता. इथे लूम भंगारात निघताहेत, गोदामांत बाया दिवसभर उभ्या राहून माल भरताहेत, आणि ही कुठे अमेरिकेला निघाली, असं वाटलं. मजकूर छापखान्यात द्यायच्या आदल्या रात्री वाचायला घेतला आणि संपेपर्यंत उठले नाही.

मुलगी चिडलेली आहे. १७८९ पासून राष्ट्राध्यक्ष निवडणारा देश, अजून एकही बाई त्या खुर्चीत नाही, आणि हे आपल्याला लोकशाही शिकवतात! २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना ट्रम्पपेक्षा अठ्ठावीस लाखांहून जास्त मतं पडली, तरी त्या हरल्या. कारण तिथे निकाल लागतो तो ५३८ निर्वाचकांच्या हिशेबावर. ज्याला २७० मिळाले तो जिंकला. २०२४ साली कमला हॅरिस २२६ वर थांबल्या. त्या वेळी जनतेची मतंही ट्रम्पनाच जास्त होती, हे तिने प्रामाणिकपणे लिहिलं आहे. तिच्या मते अमेरिकन मतदार 'बाई चालेल, पण ही बाई नको' असं दर वेळी म्हणतो, आणि हे वाक्य तिने आपल्या गल्लीतही ऐकलेलं आहे.

इलेक्टोरल कॉलेजवर तिचा जेवढा राग आहे तेवढा माझा नाही. आपल्या राष्ट्रपतींची निवड तरी कुठे आपण करतो? आमदार-खासदार करतात, आणि महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५ धरतात. पंतप्रधानही थेट निवडून येत नाही. बाई पंतप्रधान आपण १९६६ सालीच पाहिली, हे खरं. पण भिवंडी लोकसभा मतदारसंघ झाल्यापासून, २००९ ते २०२४, चार निवडणुका झाल्या आणि चारही वेळा पुरुषच निवडून आला. तेव्हा अमेरिकेकडे बोट दाखवताना आवाज थोडा खाली ठेवावा.

दुसरी एक गोष्ट तिला समोर बसवूनच सांगितली. तिने लिहिलं होतं, की अमेरिकन बायकांना १९२० पर्यंत भांडावं लागलं, आपल्याला मात्र मत आयतं मिळालं. हे आपल्या पाठ्यपुस्तकांनी केलेलं नुकसान आहे. १९१७ च्या डिसेंबरात सरोजिनी नायडूंच्या पुढाकाराने बायकांचं शिष्टमंडळ मद्रासला माँटेग्यूंना भेटलं आणि त्याने मताचा हक्क मागितला. १९१९ च्या कायद्याने निर्णय प्रांतांवर ढकलला. १९२१ साली मद्रास आणि मुंबई प्रांतांनी बायकांना मत दिलं, पण मालमत्तेची अट घालून. म्हणजे कांडी भरणाऱ्या बाईला नाहीच. तिला ते १९५० च्या राज्यघटनेने मिळालं. आयतं कुणालाच मिळालेलं नाही.

आणि शेजारच्या कल्याणचं एक उदाहरण आहे. कल्याणच्या जोशांची यमुना लग्नात आनंदी झाली, १८८३ साली अमेरिकेला गेली आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात डॉक्टर झाली. पंडिता रमाबाई त्या पदवीदानाला मुद्दाम गेल्या होत्या. आनंदीबाईंचा मोठेपणा आपण सगळ्या जाणतो. पण ज्या कॉलेजात त्या शिकल्या त्याच्या डीन रेचल बॉडली यांना स्वतःच्या देशात राष्ट्राध्यक्षासाठी मत देता येत नव्हतं, हे कुणी सांगत नाही. बाईला डॉक्टर करण्याचा अधिकार होता, मत देण्याचा नव्हता.

आता या संपादकीयाचं मूळ कारण. लेखाच्या पाचव्या पानावर मुलीने आईबद्दल दोन ओळी लिहिल्या आहेत. २० मे २०२४ ला आई मतदानाला गेली आणि नाव नाही म्हणून परत आली. पुढे लगेच वाक्य आहे : 'अमेरिकेत निदान हा घोळ तरी नसेल, तिथे सगळं कॉम्प्युटरवर असतं.' बाकी लेखात आकडे आहेत, नावं आहेत, राग आहे. आईला मात्र दोनच ओळी. तिला म्हटलं, बाई गं, तुझा लेख इथून सुरू होतो.

आधी अमेरिकेतल्या यादीचं बघू. तिथे मतदार म्हणून नाव घालणं ही ज्याची त्याची जबाबदारी. आपल्याकडे मतदान केंद्राचा कर्मचारी दार वाजवतो, फॉर्म देतो, निदान तशी रीत आहे. तिथे प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, आणि नॉर्थ डकोटात तर नोंदणीच नाही. राष्ट्राध्यक्षाचं मतदान नोव्हेंबरातल्या मंगळवारी, हे १८४५ साली ठरलं ते ठरलं. त्या दिवशी देशभर सुट्टी नसते. आपल्या कायद्यात रोजंदारीवरच्या कामगारालाही मतदानाची पगारी सुट्टी आहे. (नगावर काम करणाऱ्या आपल्या बायकांना ती देणार कोण, हा प्रश्न आहेच.)

आणि नावाचा घोळ? तो तिथे आपल्याहून जुना आहे. ल्यूसी स्टोन या बाईने १८५५ साली लग्न केलं आणि माहेरचंच नाव ठेवलं. १८७९ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने बायकांना शाळा समितीच्या निवडणुकीपुरतं मत दिलं. ल्यूसीबाईंनी हौसेने नाव नोंदवलं. अधिकारी म्हणाले, नवऱ्याचं आडनाव लावा, ब्लॅकवेल लिहा. त्या नाही म्हणाल्या. नाव यादीतून गेलं. जन्मभर बायकांच्या मतासाठी झगडलेली बाई १८९३ साली वारली ती मत न देताच. पुढे १९०७ च्या कायद्याने तर परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचं नागरिकत्वच काढून घेतलं. त्याची दुरुस्ती १९२२ पासून, तीही तुकड्यातुकड्याने झाली.

हे जुनं झालं म्हणावं तर अलीकडचं ऐका. कॅन्सस राज्यात २०१३ पासून नोंदणीसाठी नागरिकत्वाचा कागद मागू लागले. सुमारे ३१ हजार पात्र माणसं त्यात अडकली. न्यायालयाने २०१८ साली तो नियम मोडीत काढला. तरी २०२५ च्या एप्रिलात तिथल्या प्रतिनिधिगृहाने असाच कागद देशभर मागणारं विधेयक मंजूर केलं. कायदा व्हायला सिनेटचीही मंजुरी लागते. विरोधकांचं म्हणणं असं, की जन्मदाखल्यावर माहेरचं नाव आणि बाकी सगळीकडे सासरचं, अशा बायकांनी काय करायचं? समर्थक म्हणतात, जादा कागद दाखवा, राज्यं सोय करतील. २०२३ च्या प्यू संस्थेच्या पाहणीत पुरुषाशी लग्न केलेल्या दहांतल्या जवळजवळ आठ बायकांनी नवऱ्याचं आडनाव घेतलेलं होतं. म्हणजे जादा कागद कुणाला जमवायचे आहेत ते कळलंच.

आता आपल्याकडचं. मुलीने हिलरींच्या अठ्ठावीस लाखांबद्दल एक अख्खं पान हळहळ केली आहे. आपलेही एक अठ्ठावीस लाख आहेत. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या, १९५१-५२ च्या याद्या बनत होत्या तेव्हा बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत, विंध्य प्रदेश इकडच्या बायकांनी परक्या पुरुषाला स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं, की नाव सांगितल्याशिवाय यादीत घ्यायचं नाही. देशात आठ कोटींच्या आसपास बाया मतदार होत्या, त्यांतल्या जवळपास अठ्ठावीस लाखांची नावं गेली. तिकडे ल्यूसी स्टोनचं नाव गेलं ते स्वतःचं सांगितलं म्हणून, इकडे यांची गेली ती स्वतःचं सांगितलं नाही म्हणून.

सेन यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बाईला स्वतःच्या नावाने उभं करायचं तर कुठेतरी असा हट्ट धरावाच लागतो. पण त्या निवडणुकीतलं त्या अठ्ठावीस लाखांचं मत गेलं ते गेलंच.

भिवंडीत बसून हे लिहिताना डोळ्यांसमोर आपल्या वस्त्या येतात. पद्मानगरच्या तेलुगू बायकांचं घराणं नावाच्या आधी लागतं, इथल्या कारकुनाला ते शेवटी हवं असतं. उत्तरेकडून आलेली एखादी रेशनकार्डावर 'देवी' आणि आधारवर नवऱ्याचं आडनाव. मुसलमान मैत्रिणींचं एका कागदावर 'बी', दुसऱ्यावर 'बानो', तिसऱ्यावर 'शेख'. आणि आपल्या मराठी घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं, की जुनं नाव माहेरच्या माणसांपुरतं उरतं. २०१९ साली भिवंडीच्या महापौर म्हणून प्रतिभा विलास पाटील निवडून आल्या, तेव्हा नागपूरच्या मैत्रिणीने मला फोन करून विचारलं, 'राष्ट्रपतिबाई तुमच्याकडे कशा?' त्या होत्या प्रतिभा देवीसिंह पाटील. दोघींना वेगळं करायला नवऱ्याचंच नाव कामी आलं!

महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात आईचं नाव सक्तीचं केलं. चांगलं झालं. त्याच निर्णयात लग्न झालेल्या बाईचं नाव मात्र पूर्वीच्याच पद्धतीने, म्हणजे तिचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव, असं ठेवलं. बाळाला आई मिळाली, आईला काय मिळालं?

माझंही सांगते. मी लग्नानंतर नाव बदललं नाही. त्या काळी आम्ही सभांमधून तावातावाने सांगायचो, नाव बदलू नका, तुमचं नाव ही तुमची ओळख आहे. आजही तेच म्हणेन. पण त्यासोबत 'यादीत बघा' असं एकदाही म्हटलं नाही. ज्या बाईचं नाव बदलूनच आलं आहे, तिने पुढे काय करायचं, यावर आमच्याकडे एक ओळ नव्हती. शिकलेल्या, नोकरी असलेल्या बाईला नाव टिकवणं परवडतं, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

गेल्या शनिवारी ती मुलगी आईला घेऊन कार्यालयात आली. हकिगत अशी. आईचं मतदार कार्ड माहेरच्या नावाचं, माहेरच्या पत्त्यावरचं. दर निवडणुकीला ती शांतीनगरला माहेरी जाऊन मत द्यायची, तेवढंच जेवणही व्हायचं. वडील वारले, भावांनी खोली विकली, ती तिथे राहत नाही म्हणून नाव निघालं. नियमाने बघता बरोबरच. सासरच्या वस्तीत नाव घालायला हवं, हे घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही. नवऱ्याचं होतं, दिराचं होतं. ती कार्ड हातात घेऊन उभी राहिली आणि परत आली. रोज बुडाला तो वेगळाच.

नमुना ६ समोर ठेवला. पहिल्याच रकान्याला आईने विचारलं, 'कोणतं नाव लावू?' मुलगी म्हणाली, माहेरचं लाव, ते तुझं आहे. मीही मान डोलावणार होते. आई म्हणाली, 'आधारवर, पासबुकात दुसरं आहे. ज्या नावावर मत मिळतं ते लाव.' मुलगी गप्प झाली. मीही. सासरचं नाव लिहिलं.

२०२५ साली बिहारमध्ये याद्यांची झडती झाली, तेव्हा १ ऑगस्टच्या मसुद्यातून सुमारे ६५ लाख नावं वगळली गेली. त्यांत मेलेली माणसं होती, दुसरीकडे गेलेली होती. लग्न होऊन बाई दुसरीकडेच जाते, हे लक्षात असू द्या. भिवंडी महापालिकेच्या ९० जागांपैकी निम्म्या आपल्यासाठी राखीव आहेत. लोकसभा-विधानसभेतल्या एक तृतीयांश जागांचा कायदा २०२३ साली झाला, तोही जनगणनेच्या आणि फेररचनेच्या खुंटीला बांधून. जागा कितीही राखल्या, तरी मत द्यायला यादीत बाई हवी.

वर्षातून चार तारखा धरल्या जातात : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. त्या तारखेला अठरा पुरी झाली, की मुलीचं नाव घाला. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता बदलणं किंवा दुरुस्तीसाठी नमुना ८. दर शनिवारी दुपारी चारनंतर कार्यालय उघडं असतं. येताना आधार, रेशनकार्ड, जुनं मतदार कार्ड असेल ते, आणि नावं वेगळी असतील तर लग्नाचा दाखला आणा. दाखला नसेल तरी या. ती मुलगी आता शनिवारी तिथेच बसते.

तिचा लेख याच अंकात आहे, तिने लिहिला तसा. पाचव्या पानावरच्या दोन ओळींच्या आता दोन पानं झाली आहेत. इलेक्टोरल कॉलेजबद्दल तिचं-माझं अजून पटलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं ते कळवा. आईचा अर्ज गेला आहे.